‘रन’ची धाव कुठवर?

सहाशे पंचेचाळीस! हा आकडा कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे, आता तुमची पाळी. इंग्रजीत ‘रन’ नावाचं एक क्रियापद आहे. तीन अक्षरांचं, पोरं पहिली-दुसरीत शिकतात ते. रन म्हणजे पळणे. झालं? छे, हो! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने या एवढ्याशा क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा वेगवेगळ्या मांडल्या आहेत आणि त्यांच्याखाली जुन्या-नव्या लेखनातली वाक्यं पुरावा म्हणून लावली आहेत. विहीर आटली, रन. अंगात ताप आहे, रन. कोणी दुकान सांभाळतं, रन. धुताना लुगड्याचा रंग गेला, रन. पोराचं नाक गळतंय, रन. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले, रन. एवढी सगळी कामं एकट्या शब्दाने हजार वर्षं ओढली आणि आपण त्याला ‘पळणे’ एवढंच नाव देऊन मोकळे!

निमित्त अगदी दुकानातलं. शेवगावात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, जाळ्या, पट्ट्या, केबल. काही माल किलोवर जातो, काही नगावर आणि काही रनिंग फुटावर. फरशीवाला मिस्त्री भिंतीच्या कडेच्या पट्टीचा भाव रनिंग फुटाने सांगतो, सुतार ओट्याखालच्या कपाटांचा हिशोब कधी कधी रनिंग फुटाने धरतो, तारेच्या कुंपणाचं काम घेणाराही तसाच बोलतो. लांबी-रुंदीचा गुणाकार असेल तर स्क्वेअर फूट, नुसती लांबी असेल तर रनिंग फूट, हे ज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही अशा गवंड्यालाही पक्कं ठाऊक असतं. तर वडिलांबरोबर आलेला एक शाळकरी पोरगा माझं बिल वाचत होता. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, “काकू, फूट कुठं पळतो?”

वडील हसले. मला मात्र हसू आलं नाही, अंगावर काटा आला. किती नेमका प्रश्न! इतकी वर्षं हा शब्द आमच्या काउंटरवरून जातोय आणि फूट का पळतो हे कोणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी लेकीची जाडजूड डिक्शनरी घेऊन बसले. रनिंग फुटाचं उत्तर लवकर सापडलं. इंग्रजीत रस्ता, भिंत, कुंपण, ओढा हे सगळे ‘रन’ करतात, म्हणजे इथून तिथवर सलग जातात. तोच हा फूट, न तुटता सरळ पुढे जाणारा. पण उत्तर मिळूनही पुस्तक मिटवेना. रकाना संपला की पुढचा रकाना, पान उलटलं तरी ‘रन’च. चुलीवर काय आहे याचंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा माझे कान बदललेले होते. सगळं शेवगाव ‘रन’ बोलत होतं! जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस फोनवर विचारत होता, “रनिंग किती झालंय?” म्हणजे आतापर्यंत किती किलोमीटर. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी उजाडायच्या आत ‘रनिंगला’ जातात, पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, आणि दोघांना शंभर. सरकारी कामाचा ठेकेदार म्हणतो, रनिंग बिल निघालं की तुमचे पैसे देतो. म्हणजे काम चालू असतानाच झालेल्या कामापुरतं निघणारं बिल. कॉम्प्युटरच्या क्लासमधली मुलगी मैत्रिणीला सांगते, आधी प्रोग्राम रन कर. मैदानावर तर रनशिवाय दुसरी भाषाच नाही: रन, रन-आउट, रन-रेट. एका सकाळच्या बोलण्यात त्याच क्रियापदाची ही पाच-सहा रूपं, प्रत्येकाचा अर्थ निराळा, आणि कोणाचा गोंधळ होत नाही. गाडीचं रनिंग विचारल्यावर कोणी सोळाशे मीटर सांगत नाही. माणसाचं डोकं किती अफाट काम करतं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा जाणवलं.

आता त्या ६४५ ची गोष्ट ऐका, कारण ती शब्दाइतकीच भारी आहे. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली. त्यात त्यांचे नऊ महिन्यांहून जास्त गेले. एका शब्दावर नऊ महिने! २०११ साली ती प्रसिद्ध झाली. त्याआधी सगळ्यांत मोठ्या नोंदीचा मान कितीतरी काळ ‘सेट’कडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ आहेत आणि ती एकटी नोंद सुमारे साठ हजार शब्दांची, म्हणजे एका कादंबरीएवढी. पुढे कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागली तसं ‘मेक’ने ‘सेट’ला मागे टाकलं, मग ‘पुट’ वर चढलं, आणि शेवटी ‘रन’ने बाजी मारली. फार पूर्वी, १७५५ साली, डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी जवळजवळ एकहाती केलेल्या कोशात ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ होते. ही सगळी नावं एकदा ओळीने म्हणून पाहा. रन, सेट, मेक, पुट, टेक. यांत एकही शब्द अवघड नाही, विद्वत्तेचा नाही. सगळी घरातली, अंगणातली, गोठ्यातली क्रियापदं. मोठ्या, भारदस्त शब्दांना एखाददुसरा अर्थ असतो आणि ते त्यावर आयुष्य काढतात. राबतात ते हे छोटे.

‘रन’च पुढे का गेलं, यावर सायमन विंचेस्टर यांनी २०११ मध्येच लिहिलं होतं. ऑक्सफर्ड कोशाच्या इतिहासावर पुस्तकं लिहिणारे हे लेखक. त्यांनी श्रेय दिलं यंत्रयुगाला. मला ते पटतं. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद माणसाच्या-जनावराच्या पायांचं होतं आणि पाण्याचंही होतं. पळणं आणि वाहणं दोन्ही त्यात अगदी आधीपासून. मग गिरण्या आल्या, आगगाडी आली, शिवणयंत्र आलं, आणि या सगळ्या फिरत्या लोखंडाला कोणतं क्रियापद द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा इंग्रजांनी हेच दिलं. यंत्र धावतं. मग यंत्र धावतं ठेवणारा माणूस ते ‘रन’ करतो. कारखाना ‘रन’ करतो, म्हणजे दुकान, शाळा, संस्था, देशही ‘रन’ करतो. पाणी वाहता वाहता संपतं, म्हणून विहीर ‘रन ड्राय’ होते आणि साखरेचा डबा, पैसा, वेळ हे ‘रन आउट’ होतात. एका अर्थाचा हात धरून दुसरा येतो, दुसऱ्याचा धरून तिसरा. ६४५ हा आकडा ऐकून जंगल वाटतं, पण आत शिरलं की पायवाटा दिसायला लागतात आणि प्रत्येक वाट मागे त्याच दोन चित्रांपाशी जाते, पळणारे पाय आणि वाहतं पाणी.

आणि मग मी हे सगळं मराठीत आणायला बसले. इथे तर मी वेडीच झाले!

इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो. पाहा ना. मोटार चालते, घड्याळ चालतं, कारखाना चालतो, शाळा चालते, दुकान चालतं, सरकार चालतं, सिनेमा चालतो, संसार चालतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतं, निदान बसू शकतं. तेच यंत्र, तीच गिरणी, पण त्यांच्या भाषेत ती धावते आणि आपल्या भाषेत सावकाश पावलं टाकत चालते. मला याचा विलक्षण आनंद झाला. त्यात पुन्हा आपलं ‘चालणे’ काही थोडकं नाही. खटला चालतो, चर्चा चालते, डोकं चालतं, पोरीचा हात शिवणावर चांगला चालतो, एखाद्याची जीभ फार चालते, फाटकी नोट चालत नाही, नवऱ्यापुढे कोणाचं काही चालत नाही, किंवा बायकोपुढे. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे ‘चालेल!’ हा एकच शब्द बोलून आपण सौदा मिटवतो, लग्नाची तारीख ठरवतो, चहात साखर कमी पडली तर तीही गोड मानतो.

हे फक्त आपणच करतो का, म्हणून पुढे वाचलं तर फ्रेंच लोकही आपल्यासारखेच निघाले. त्यांच्याकडे ‘मार्शे’ म्हणजे पायी चालणे, आणि यंत्र चालतं त्यालाही ‘मार्शे’च. कोणी काही सुचवलं आणि पसंत पडलं की फ्रेंच माणूस ‘सा मार्श’ म्हणतो. म्हणजे अगदी शब्दशः आपलं ‘चालतंय’! कुठे पॅरिस, कुठे शेवगावचा बाजार. जर्मन माणसाचं ‘लाउफेन’ धावण्याला चालतं, त्यांच्या काही भागांत साध्या चालण्यालाही चालतं, आणि यंत्र, दुकान, सिनेमा यांनाही. प्रत्येक समाजाने यंत्राला पाय दिले, फक्त वेग वेगवेगळा दिला.

निवडणुकीचं तर विचारूच नका. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार पूर्वापार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आणि आपल्याकडे? ग्रामपंचायत असो की विधानसभा, माणूस ‘उभा राहतो’. इंग्रजी एकच, पण समुद्राच्या एका काठावर उमेदवार पळतो आणि दुसऱ्या काठावर उभा असतो. आपला उमेदवार गावोगाव कितीही पळाला तरी शेवटपर्यंत ‘उभा’च.

विहिरीचंही तसंच. इंग्रजीत ती धावून कोरडी होते. आपल्याकडे विहीर आटते, तळ गाठते, उघडी पडते, कोरडी ठणठणीत होते. आमचा तालुका कमी पावसाचा. उत्तरेच्या शिवेवर गोदावरी, जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या. अशा मुलखात पाणी संपण्याला एक क्रियापद पुरणार कसं? पाणी किती संपलं, कसं संपलं, परत येईल का, हे ते शब्दच सांगतात. आटलेली विहीर पाऊस झाला की भरते. कोरड्या पडलेल्या विहिरीची काळजी वेगळी. जिथे इंग्रजी एका क्रियापदात सगळं कोंबते तिथे मराठी चार घरं बांधते, आणि जिथे मराठी कोंबते तिथे इंग्रजीला घरं बांधावी लागतात. त्यावर मी येतेच.

एका बाबतीत मात्र शेवगावकर इंग्रजांबरोबर पळतात. पुस्तकी मराठीत गाडी चालते किंवा धावते. आमच्याकडे ती पळते. “किती पळालीय?” “ऐंशी हजार पळालीय, पण इंजिनाला हात लावलेला नाही.” ‘रनिंग किती झालं’चं इतकं सरळ मराठी आधीपासून तयार होतं. कोणी भाषांतर केलेलं नाही, समिती बसलेली नाही. आणि दूध ‘उतू जातं’, हाही ‘रन’चाच एक प्रकार, ‘रन ओव्हर’. फक्त तोच ‘रन ओव्हर’ रस्त्यावर झाला तर माणूस जिवाला मुकतो. दोन्ही वाक्यं एकाच दिवशी वाचली आणि मी थक्क होऊन बसले.

पण खरा खजिना अजून पुढेच होता, आणि तो डिक्शनरीत नाही, दुकानात आला. बोधेगावकडचे एक आबा, ऐंशीच्या पुढचे, होज पाइप घ्यायला आले होते. मी त्यांनाही ६४५ ची गोष्ट ऐकवली. आता मी कोणालाच सोडत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग आपली धाव काय कमी हाय का, ताई? आमच्या हिरीला दोन मोटांची धाव व्हती.”

मोटेची धाव! मी हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. आबांनी काउंटरवर पाइपाचा तुकडा ठेवून सगळं समजावून सांगितलं. विहिरीच्या काठापासून बाहेरच्या बाजूला उतरता मातीचा रस्ता बांधलेला असायचा, त्याचं नाव धाव. बैलजोडी विहिरीकडे पाठ करून त्या उतारावरून खाली जायची, तिच्यामागे नाडा ताणला जायचा, नाडा चाकावरून फिरायचा आणि चामड्याची भरलेली मोट वर यायची. मोटेची सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची, पाणी पाटात पडायचं आणि पाटाने वाफ्यात. मग बैल मागे मागे सरत धाव चढायचे आणि रिकामी मोट पुन्हा खाली. दिवसभर तेच. उतार का, तर बैलांच्या स्वतःच्या वजनाचा ओढायला उपयोग व्हावा म्हणून. केवढी अक्कल आहे त्या एका उतारात! आणि नाव किती साधं. ज्यावरून धावायचं ती धाव.

मी श्वास घ्यायच्या आत आबा म्हणाले, गाडीच्या चाकालाही धाव असते. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ती भट्टीत तापवून लाल करतो, मग ती फुगलेली असतानाच चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. गार होताना ती आकसते आणि सगळं चाक करकचून आवळून धरते. खिळा न मारता आरे आणि पाट्या जागेवर. जमिनीवरून जे धावतं ते चाकाचं अंग, म्हणून तीही धाव.

घरी येऊन मी शोधत बसले. आपल्या कोशांत या धावा नोंदलेल्या आहेत, जुन्या लिखाणात डोक्यावर अनुस्वार घेऊन, ‘धांव’ अशा. ज्या मोल्सवर्थचं नाव आपण नुसतं ऐकून असतो, त्या जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ आणि मराठी शास्त्री-पंडितांचा ताफा त्यांच्याबरोबर राबला होता. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. मधल्या काळात, १८४७ मध्ये, थॉमस कँडी यांनी उलट दिशेचा, इंग्रजी-मराठी कोशही पुरा केला. तो मोल्सवर्थ यांनीच सुरू केलेला होता. विचार करा, ऑक्सफर्डच्या कोशाचं पहिलं पुस्तक छापून यायला अजून सदतीस वर्षं होती, आणि इथे मुंबई इलाख्यात ‘रन’, ‘सेट’, ‘टेक’ यांना मराठीत काय काय म्हणायचं याची मांडणी झालेली होती! नंतर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. हे मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उघडतात. शेवगावात, दुकानाच्या काउंटरवर, मोबाइलवर! मला हे कोणी आधी का सांगितलं नाही?

आणि क्रिकेटच्या मराठी समालोचनात ‘रन’ला आपण ‘धाव’ म्हणतो. त्या दिवसापासून सामना पाहताना फलंदाज दोन यष्ट्यांमध्ये पुढे-मागे पळतो तेव्हा मला उतारावरून खाली जाणारी आणि मागे सरत वर येणारी बैलजोडी दिसते. कृषीच्या पुस्तकांत तर शेतावरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला ‘अपधाव’ म्हणतात, इंग्रजीतल्या ‘रन-ऑफ’साठी. बांध घालून, चर खणून अडवायचं ते हेच पाणी. म्हणजे पळणारे पाय आणि वाहतं पाणी ही जोडी आपल्या ‘धाव’मध्येही आहेच.

आता एक गोष्ट सांगते, ती मला कोणत्या पुस्तकात सापडलेली नाही, आमच्याच दुकानाच्या मालावरून सुचली. मोट गेली आणि तिच्या जागी काय आलं? पंपसेट! आधी तेलाच्या इंजिनाचा, मग विजेचा. म्हणजे शेवगावच्या विहिरीवर आधी ‘धाव’ होती, मग ‘सेट’ आला. ऑक्सफर्डच्या कोशात आधी ‘सेट’ पहिला होता, मग ‘रन’ आला. इंग्रजीतले हे दोन्ही मल्ल, एक भाषांतर होऊन आणि एक जसाच्या तसा, आमच्या विहिरीच्या काठावर उलट्या क्रमाने हजर! हा योगायोग आहे, मला ठाऊक आहे. पण काय योगायोग आहे!

मघाशी म्हटलं होतं की मराठी कुठे कोंबते त्यावर येते. तर ‘लागणे’. आपला ‘रन’ हाच, माझी खात्री झाली आहे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, दृष्ट लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, फोन लागतो. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्या बाईला गाडी लागते. दूध गरम करताना ढवळलं नाही तर ते तळाला लागतं. गवयाचा सूर लागतो. बोलणं मनाला लागतं. तो माझा मामा लागतो. मला जावं लागतं, आणि मी रडायला लागते. आमच्या भागातली शेतीची तर निम्मी भाषा ‘लागणे’वर उभी आहे: बोअरला पाणी लागलं, उसाची लागण झाली, पऱ्हाटीला बोंडं लागली, शेतात माणसं लागली, पावसाची झड लागली. रोगाचीही लागणच आणि उसाचीही लागणच, आणि एकाही शेतकऱ्याला कधी शंका येत नाही की आनंद मानायचा की डॉक्टरकडे जायचं. यातल्या प्रत्येक ‘लागणे’ला इंग्रजीत निराळं क्रियापद शोधावं लागतं. आणि ‘शोधावं लागतं’ असं लिहितानाही तेच आलं! कोणाला मराठी शिकवायची झाली तर या एका क्रियापदावर किती वेळ जाईल? गिलिव्हर यांना ‘रन’साठी नऊ महिने लागले. लागले!

हे लिहिताना मला वारंवार ऑक्सफर्डचा कोश कसा तयार झाला ते आठवतं, कारण तो एकट्या विद्वानांनी केलेला नाही. १८७९ मध्ये मुख्य संपादक जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या-बोलणाऱ्या सर्वांना जाहीर आवाहन केलं: वाचताना शब्द दिसला की चिठ्ठीवर तो शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल लिहा आणि पाठवा. लोकांनी पाठवलं. शिक्षकांनी, धर्मोपदेशकांनी, घरी बसलेल्या बायकांनी, अगदी मनोरुग्णालयात ठेवलेल्या एका अमेरिकन डॉक्टरनेही. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. ऑक्सफर्डला मरे यांच्या घरासमोर टपाल खात्याने खास पेटी बसवली. १८८४ मध्ये पहिलं पुस्तक निघालं, १९१५ मध्ये मरे वारले, १९२८ मध्ये काम पुरं झालं. म्हणजे ‘रन’चे अर्थ मोजता आले ते चिठ्ठीवर कोणीतरी एक वाक्य लिहून ठेवलं म्हणून.

‘धाव’ माहीत असलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांनी स्वतः मोट हाकली, ज्यांनी चाकाला धाव चढताना जवळ उभं राहून पाहिली, ती अजून आपल्या ओसरीवर आहेत, पारावर आहेत, दवाखान्याच्या रांगेत आहेत. कोशात ‘धांव’ आहे खरी, पण शेवगावात, पाथर्डीत, नेवाशात, गोदावरीपलीकडे पैठणात ती कोणत्या वाक्यात बोलली जायची, हे कोशात नाही. ते त्यांच्या तोंडात आहे. माझी शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना कळकळीची विनंती आहे: ‘रन म्हणजे पळणे’ असं फळ्यावर लिहाल त्याच दिवशी पोरांना सांगा, घरी जाऊन आजोबांना ‘धाव’ विचारा, आजीला ‘लागणे’ विचारा आणि त्यांनी बोललेलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून आणा. वाचकहो, तुम्हीही आजच विचारा. शब्द, अर्थ, बोललेलं वाक्य, गावाचं नाव आणि तारीख एवढंच लिहा. पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूत मावतं.